घोडा आणण्याआधी तबेला: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जायचं, तापीकाठी दोन दिवस नुसते घोडे बघायचे, तिसऱ्या दिवशी एखाद्या घोडीवर जीव जडायचा आणि चौथ्या दिवशी टेम्पो गावाकडे निघायचा. हौशी माणसाच्या घरी घोडा बहुतेक असाच येतो. माझ्याकडेही असाच आला. वरातीमागून घोडं आपण ऐकलेलं असतं. मी घोड्यामागून तबेला केला. पहिले पंधरा दिवस घोडी म्हशींच्या शेजारी दाव्याला होती आणि तोवर गवंडीमामा घाईघाईनं तिच्यासाठी खण बांधत होते.

मामांचा हात चांगला. उभ्या हयातीत त्यांनी आमच्या पंचक्रोशीतले निम्मे गोठे बांधलेले. त्यामुळे त्यांनी मलाही गोठाच बांधून दिला. साडेसात फुटांवर पत्रा, खाली गुळगुळीत शहाबादी फरशी, मागे उघडी गटार, पुढे सिमेंटची काटकोनी गव्हाण. मुंबईत अजूनही तबेला म्हटलं की म्हशीच डोळ्यांपुढे येतात, तेव्हा चूक त्यांची एकट्याची नाही. आठवडाभरात घोडी फरशीवर घसरून गुडघ्यावर आली, दचकून मान वर केली तेव्हा पत्र्याच्या अँगलला डोकं लागलं, आणि मी सगळं उखडून नव्यानं बांधलं.

म्हैस खाते, बसते, रवंथ करते. घोडा पळणारा प्राणी आहे. भ्यायला की आधी उडी मारतो आणि मग कशाला भ्यायलो ते बघतो. लाथ मारतो, लोळतो, लाकूड कुरतडतो, मागच्या पायांवर उभा राहतो. त्याला श्वास फक्त नाकानं घेता येतो, तोंडानं नाही, आणि खाल्लेलं ओकता येत नाही. खण बांधताना घ्यायचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन-तीन गोष्टींवरून ठरतो. गवंड्याला कामावर घेताना पहिल्या दिवशीच हे बोलून घ्या.

आधी घोडा मोजा

बाजारात घोड्याची उंची इंचात सांगतात, खांद्याच्या उंचवट्यापाशी मोजून. साठ इंचांच्या वरचा मारवाडी किंवा काठियावाडी घोडा असेल तर खण १२ फूट बाय १२ फूट धरा. भीमथडी तट्टू किंवा हिल स्टेशनवर दिसतात तसं लहान घोडं असेल तर १० बाय १० पुरतं. गाभण घोडीला, आणि ती व्यायली की शिंगरासह, निदान १४ बाय १४ हवं. जागा अडचणीची असेल तर एक हिशोब ध्यानात ठेवा: खणाची कुठलीही बाजू घोड्याच्या लांबीच्या दीडपटीपेक्षा कमी नको. घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसातून थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. जागा अपुरी असली तर तो आडवाच होत नाही, किंवा लोळताना भिंतीकडे पाय अडकून पडून राहतो. असा अडकलेला घोडा रात्रभर धडपडला तर सकाळी काय दिसेल ते लिहवत नाही.

दोन घोडे असतील तर तीन खण बांधा. तिसरा सुरुवातीला चारा ठेवायला होईल, पुढे आजारी जनावर वेगळं ठेवायला. तिसरा घोडा येतोच, ही या छंदाची खोड आहे.

एकच घोडा ठेवणार असाल तर सोबतीचा विचार आत्ताच करा. घोडा कळपातला. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी चालते. अनेक जण ठेवतात. एकटा कोंडलेला घोडा दारात उभा राहून तासन्तास डावीउजवीकडे झुलतो किंवा दाराची कड दातात धरून हवा गिळत बसतो. ही सवय एकदा लागली की सुटणं कठीण.

जागा आणि तोंड

उंचवट्याची जागा घ्या, जिथून पावसाचं पाणी चहूबाजूंनी निघून जाईल. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर. घरापासून फार लांब नको, कारण रात्री घोड्याची धडपड ऐकू यायला हवी.

तोंड कुठे करायचं हे तुमच्या मुलखावर आहे. कोकणात, मावळात, पाचगणी-महाबळेश्वरकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. तिथे त्या बाजूला भरीव भिंत घ्या आणि दारं पूर्वेला ठेवा. सकाळचं ऊन आत येतं आणि जमीन वाळते. खानदेश-मराठवाड्यात पावसापेक्षा उन्हाचं भय मोठं. तिथे इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून दारं उत्तरेला केली तर दुपारचं ऊन खणात शिरत नाही. आमच्याकडे, दौंडच्या अलीकडे, मी दुसरा प्रकार केला आणि पश्चिमेच्या आखूड भिंतीबाहेर कडुलिंब लावले.

लावण्यावरून आठवलं. शेतघराच्या कुंपणाला हौसेनं कण्हेर लावलेली असते. ती घोड्याच्या मानेच्या टप्प्यात असेल तर आजच काढा. तिची थोडीशी पानंही, वाळलेली असली तरी, घोडा मारायला पुरतात. एरंडाचं बीही तसंच. छाटलेल्या फांद्या चाऱ्याच्या ढिगाजवळ टाकू नका.

जमीन: इथंच घोडं पेंड खातं

पैसे कमी असतील तर भिंती साध्या करा, छप्पर साधं करा, जमिनीवर मात्र काटकसर करू नका. खराब जमीन घोड्याच्या खुरांत, सांध्यांत आणि छातीत शिरते.

आपल्याकडची काळी माती तबेल्याला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मूत मुरलं की चिखल. म्हणून आधी खणाची माती निदान दीड फूट खोल काढून टाका. तळाला मोठ्या दगडांचं सोलिंग, त्यावर खडी, त्यावर मुरूम. मुरूम एकदम ओतू नका. चार-चार इंचांचे थर द्या, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि धुम्मसानं किंवा रोलरनं ठोका. शेवटी वरचे दोन इंच दगडाच्या बारीक कचीचे. मागच्या भिंतीकडून दाराकडे बारा फुटांत दोन इंच उतार ठेवा. त्याहून जास्त उतार झाला तर घोडा दिवसभर तिरका उभा राहतो आणि पाय दुखावतो.

मुरमाची जमीन मऊ, घसरत नाही, पायाला गरम लागत नाही. तोटा एकच: घोडा पुढच्या पायानं उकरतो, एकाच जागी मुततो, आणि तिथे खड्डा पडतो. तो दर दोन-तीन महिन्यांनी उकरून नव्या मुरमानं भरावा लागतो. हे काम आपल्या हातून होणार नाही असं वाटत असेल तर काँक्रीट करा, पण खराट्यानं रेघा ओढून खरबरीत केलेलं, आणि वर अठरा-वीस मिलिमीटर जाडीच्या रबरी मॅट. मॅटा भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट बसायला हव्यात, नाहीतर कडा वर येतात आणि खाली मूत साचून असा वास मारतो की डोळ्यांतून पाणी येतं. नुसत्या काँक्रीटवर घोडा उभा करू नका.

शहाबादी, कोटा, टाइल्स: नको. ओली झाली की नाल मारलेला घोडा त्यावर बर्फावरून चालल्यासारखा चालतो. माझ्या घोडीच्या गुडघ्यावरचा पांढरा डाग अजून आहे.

गटार खणाच्या आत नको. म्हशीच्या गोठ्यात ती शोभते, घोड्याचा खूर मात्र तीत अडकतो. गटार दाराबाहेर, ओट्याच्या कडेनं काढा आणि वर घोड्याचं वजन पेलेल अशी बारीक भोकांची जाळी टाका. खरं तर बरंचसं मूत अंथरूणच शोषून घेतं. गटार धुण्याच्या पाण्यासाठी लागते.

भिंती, जाळी, दार

दोन खणांमधली भिंत खालून चार-साडेचार फुटांपर्यंत भरीव. विटांची असेल तर नऊ इंची; साडेचार इंची भिंत एका दमदार लाथेत हलते. कोकणात जांभ्याची भिंत उत्तम, पण जांभा खरबरीत असतो, अंग घासून केस झडतात, तेव्हा आतून गिलावा करा. लाकूड वापरायचं तर दीड-दोन इंच जाडीच्या फळ्या. खांबांना बाभूळ चांगली, चिवट असते. फळ्या खिळ्यांनी नव्हे, आरपार बोल्टांनी बसवा आणि बोल्टाचं डोकं घोड्याच्या बाजूला, तेही फळीत बुडवलेलं. लाकडाची प्रत्येक उघडी कड घोडा खाणार आहे असं समजून तिच्यावर आधीच पत्र्याची गोल वळवलेली पट्टी मारून ठेवा.

भरीव भागाच्या वर सात-आठ फुटांपर्यंत जाळी किंवा गज. घोड्यांना एकमेकांना बघता यावं, हुंगता यावं, पण चावता येऊ नये, इतकंच तिचं काम. गज उभे, आणि दोन गजांमधली फट अडीच इंचांपेक्षा जास्त नको. नाहीतर उसळलेल्या घोड्याचा खूर आत जाईल आणि बाहेर येणार नाही. फॅब्रिकेटर खिडकीच्या ग्रिलचं माप घेऊन येतो, चार-पाच इंचांचं. त्याला परत पाठवा. नक्षी नको, भाल्याची टोकं तर अजिबात नकोत.

दार चार फूट रुंद, साडेसात-आठ फूट उंच. अरुंद दारात घोड्याच्या पुठ्ठ्याचं हाड आदळतं आणि एकदा लागलं की तो पुढे प्रत्येक वेळी दारातून उधळत जातो. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं कधीही नको: घोडा दाराला टेकून पडला तर तुम्ही आत कसे जाणार? दोन तुकड्यांचं दार, खालचा अर्धा बंद आणि वरचा उघडा, हे आपल्या हवेला सगळ्यात सोयीचं. खालच्या दाराच्या तळाशी फट दोन इंचांच्या आत ठेवा.

कडीबद्दल थोडं सविस्तर, कारण घोडा हुशार आहे. साधी सरकती कडी तो ओठांनी चार दिवसांत उघडायला शिकतो. म्हणून दोन कड्या लावा: एक वर, हाताच्या उंचीवर, जिला पुढे अडकण आहे; दुसरी खाली, पायानं उघडता येईल अशी, जिथे त्याचं तोंड पोचत नाही. दोन्ही अंधारात, एका हातानं, घाबरलेल्या माणसाला उघडता यायला हव्यात. कुलूप लावू नका. चोरीची भीती असेल तर कुलूप आवाराच्या फाटकाला लावा, घोड्याच्या खणाला नको.

बांधून झालं की एक काम स्वतः करा. डोळे मिटून खणाच्या चारही भिंतींवरून तळहात फिरवा, जमिनीपासून हात पोचेल तिथपर्यंत. जिथे हाताला टोचलं, तिथे घोड्याला फाटणार. खिळा, तारेचं टोक, वेल्डिंगचा दाणा, पत्र्याची कड, सगळं घासून घ्या.

बांधून ठेवायचं की मोकळं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पागेत आणि लष्कराच्या तळावर घोडे आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून आणि मागच्या पायांना दोर बांधून, उभे असत. शेकडो घोडी उघड्यावर ठेवायची तर दुसरा इलाज नव्हता. माळेगावच्या जत्रेत, अकलूजच्या बाजारात आजही तेच दिसतं आणि तिथे ते बरोबर आहे. घरच्या खणात मात्र घोडा मोकळा सोडा. रेसकोर्सवाले ज्याला ‘बॉक्स’ म्हणतात ते हेच. चार भिंती घालून वर पुन्हा मागचे पाय बांधायचे असतील तर भिंतींवर खर्च कशाला केला?

छप्पर आणि हवा

वळचणीला निदान दहा फूट, आढ्याला तेरा-चौदा. यापेक्षा खाली आलात तर माझ्या घोडीसारखं डोकं फुटेल. पत्रा स्वस्त आहे, पण मे महिन्यात तवा होतो. मंगलोरी कौलं चांगली. वानरं येत असतील तर नाइलाज. पत्राच घालायचा असेल तर वरून दरवर्षी चुन्याचा पांढरा हात मारा, फरक हाताला जाणवतो. पत्र्यावर ऊसाचं पाचट किंवा कडबा पसरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. थंडावा येतो खरा, पण घोड्याच्या डोक्यावर सरपण रचण्यासारखं आहे ते. मी करत नाही.

आढ्याला, दोन्ही उतार मिळतात तिथे, लांबच्या लांब फट ठेवा आणि वर टोपी घाला. गरम हवा आणि लिदीचा उग्र वायू वर जाऊन तिथून बाहेर पडतो. मागच्या भिंतीला घोड्याच्या डोक्याच्या वर झरोके. नवखा माणूस थंडीला घाबरून सगळं बंद करतो. वर्षभर घोडा खोकत राहतो तो त्यामुळे. घोड्याला डिसेंबरची थंडी सोसते, कोंदट हवा सोसत नाही. परीक्षा सोपी आहे: पहाटे खणात शिरा आणि गुडघ्यावर बसून श्वास घ्या. उभ्या माणसाला वास येत नाही, पण आडव्या पडलेल्या घोड्याचं नाक तिथेच असतं. नाकाला झोंबलं तर हवा कमी आहे किंवा सफाई कमी आहे.

ओटा विसरू नका. दारांपुढे आठ-दहा फूट रुंद पडवी असली की पावसात खरारा, नालबंदाचं काम, जीन कसणं सगळं तिथे होतं.

पाणी आणि गव्हाण

साडेतीनशे-चारशे किलोचा घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो, उन्हाळ्यात किंवा कामावर असताना त्याहून पुष्कळ जास्त. खणात वीस लिटरच्या दोन रबरी बादल्या, छातीच्या उंचीवर अडकवलेल्या. हुकाची टोकं भिंतीकडे. बादली यासाठी की कोण किती प्यालं ते दिसतं. स्वयंचलित भांड्यात ते कळत नाही, आणि पाणी न पिणारा घोडा म्हणजे पोटदुखीची पूर्वसूचना. रोज ओता, घासा, भरा.

चार खणांना मिळून एकच हौद बांधू नका. २००६ साली महाराष्ट्रासह देशात काही ठिकाणी ग्लँडर्सनं पुन्हा डोकं वर काढलं होतं. नाकातून वाहणाऱ्या शेंबडातून, एकत्र पाण्यातून आणि दाण्यातून पसरणारा हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोडा कायद्यानं मारावा लागतो. प्रत्येकाची बादली वेगळी, तोबरा वेगळा, खराराही वेगळा. बाजारातून आणलेला नवा घोडा पहिले तीन-चार आठवडे लांबच्या खणात ठेवा आणि पशुवैद्यांकडून रक्त तपासून घ्या.

गव्हाण कोपऱ्यात, गोल कडांची, घोड्याच्या छातीइतक्या उंचीवर, फक्त दाण्यासाठी. चारा जमिनीवर, रबरी टोपलीत किंवा मॅटच्या तुकड्यावर द्या. घोडा मान खाली घालून खाणारा प्राणी. मान खाली असली की नाकातली धूळ बाहेर पडते. चाऱ्याची जाळी टांगायची तर इतकी वर की रिकामी होऊन लोंबली तरी पाय अडकणार नाही. एका कोपऱ्यात सैंधवाचा खडा.

दाण्याची खोली वेगळी आणि तिला खरोखरची कडी. रात्री सुटलेला घोडा हरभऱ्याच्या पोत्यापर्यंत पोचला तर पोटभर खातो, ओकू शकत नाही, आणि सकाळी जिवावर बेतलेलं असतं. वाचला तर खुरांत सूज उतरून जन्माचा लंगडा. दाणा लोखंडी पिपात ठेवा. सांडलेल्या दाण्यामागे उंदीर, उंदरामागे नाग आणि घोणस, हा क्रम शेतावर राहणाऱ्याला सांगायला नको.

अंथरूण

लाकडाचे छिलके, सुताराच्या रंध्यातून निघतात ते, सगळ्यात चांगले. धूळ कमी, शोषण चांगलं, घोडा खात नाही. फर्निचरच्या कारखान्यातून आणत असाल तर त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा मिसळलेला नाही ना ते बघा, आणि पोतं ओतल्यावर लोहचुंबक फिरवा. करवतीचा बारीक भुसा नको, तो थेट छातीत जातो.

भाताचा पेंढा मावळात, कोकणात, भंडारा-गोंदियाकडे मुबलक. चालतो, पण काही घोडे तो खात सुटतात. भाताचं तूस हलकं आणि स्वस्त, धूळ मात्र फार; वापरायचंच तर हलकं पाणी शिंपडून. ऊसाचं पाचट आमच्या भागात फुकट मिळतं, म्हणून सगळे तेच सुचवतात. त्याच्या पानांच्या कडा धारदार आणि जरा ओल लागली की बुरशी. नको. बुरशीचा वास येणारं कुठलंही अंथरूण, कितीही स्वस्त असो, परत पाठवा.

मधोमध चार-सहा इंच जाड थर, भिंतींच्या कडेनं फूटभर उंच बांध. हा बांध शोभेसाठी नाही. लोळणारा घोडा त्यामुळे भिंतीपासून लांब राहतो.

रोजचं काम

साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याची लीद दिवसाला पंधरा ते वीस किलो. सकाळी घोडा बाहेर काढा. मोकळ्या खणात काम करायचं, घोड्याच्या पायांत वाकून नाही. पंजानं आधी कोरड्या लिदीचे गोळे उचला. मग अंथरूण एका बाजूला ओढून ओली जागा शोधा. दोन-चार दिवसांत तुम्हाला ती तोंडपाठ होईल. ओलं सगळं घमेल्यात. ओली जमीन उघडी ठेवून तासभर वाळू द्या, मग कोरडं अंथरूण परत पसरून कमी पडेल तेवढं नवं घाला. सवय झाल्यावर एका खणाला वीसेक मिनिटं लागतात. दुपारी आणि झोपण्याआधी नुसती लीद उचलायची, पाच मिनिटांचं काम. आठवड्यातून एकदा खण पूर्ण रिकामा करून झाडायचा.

वास घालवायला चुना टाकण्याची पद्धत आहे. विरलेला चुना ओल्या खुराला आणि कातडीला भाजतो, आणि मुतावर टाकला की वायू आणखी जोरात सुटतो. टाकायचाच तर मूठभर, खण रिकामा असताना, आणि पूर्ण वाळल्यावर झाडून. चुनखडीची भुकटी त्यापेक्षा सौम्य. कोळंबीच्या तळ्यांसाठी विकतात ते झिओलाइट मला सगळ्यात बरं वाटलं. ओल्या जागी पसरून वर अंथरूण टाकायचं.

सफाई टाळली की पहिली खबर खुरातून येते. तळव्याच्या खाचेत काळा, घाण वासाचा चिकटा दिसू लागला की समजा जमीन ओली आहे. औषध लावाच, पण मुरूम बदलल्याशिवाय ते बरं होत नाही.

जो माणूस हे काम करणार, साईस असो की घरचा पोरगा, त्याला धनुर्वाताची लस दिलेली हवी. घोड्याच्या लिदीत त्या रोगाचे जंतू असतातच, आणि तबेल्यात खिळा लागायला वेळ लागत नाही. घोड्यालाही लस चुकवू नका.

उकिरडा

खणापासून शंभर फूट तरी लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून दूर. वर्षाकाठी एका घोड्याची पाच-सात टन लीद होते, अंथरूण वेगळं. उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ढीग आठवड्याला हलवा किंवा झाका. चार फूट उंच रास रचून ओलावा राखला आणि अधूनमधून उलटी केली तर आतून इतकी तापते की जंतांची अंडी मरतात. खत उत्तम होतं. जवळ बटण मशरूमवाला असेल तर त्याला विचारून बघा.

चावऱ्या माशांमुळे सर्रा हा घोड्यांचा रोग पसरतो, तेव्हा माशी ही नुसती कटकट नाही. संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करतात. अंगणात करा, खणात कोंडू नका. डास मरायच्या आधी घोडा खोकतो. खणाबाहेर भिंतीवर लावलेला मोठा पंखा त्याहून उपयोगी, कारण वाऱ्यात डासाला बसता येत नाही.

वीज आणि आग

तारा पाइपातून, घोड्याच्या तोंडापासून दूर. बटणं खणाबाहेर. दिव्यांना जाळीची टोपी. गळती पकडणारा ब्रेकर लावल्याशिवाय वीज जोडू नका. ओल्या जमिनीवर लोखंडी नालांचे चार पाय, विचार करा. कडब्याची गंजी तबेल्याला लागून नको, माळ्यावर तर नकोच. बिडी ओढणाऱ्याला फाटकापाशीच थांबवायचं, पाव्हणा असला तरी. प्रत्येक दाराशेजारी खुंटीवर एक म्होरकी आणि दोरी कायम टांगलेली, तिथून ती दुसऱ्या कामाला उचलायची नाही.

पावसाआधी, पावसानंतर

मेमध्ये पत्र्याचे स्क्रू आवळा, पन्हळी साफ करा, जोत्याभोवतीचे चर मोकळे करा, मुतानं पडलेले खड्डे भरून ठोका, दाणा-चारा जमिनीपासून वर फळ्यांवर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये रोज कडब्याची पेंढी उघडून वास घ्या. पाऊस ओसरला की वाळवी बघा, सगळं अंथरूण काढून खण दोन दिवस उन्हावाऱ्याला उघडा ठेवा, चुन्याचा हात द्या. आमच्याकडे हे दसऱ्याच्या आधी होतं, म्हणजे झेंडूची माळ घातलेला घोडा स्वच्छ खणात परत जातो. डोळे मिटून हात फिरवायची परीक्षा महिन्यातून एकदा.

आणि खण कितीही चांगला झाला तरी घोडा त्यात दिवसभर ठेवू नका. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, हे कोडं शाळेत सगळ्यांनीच सोडवलंय. रोज काही तास मोकळं मैदान हवं. त्याला कुंपण लाकडी किंवा पाइपचं. काटेरी तार लावलीत तर टाके घालायला डॉक्टर शोधून ठेवा.

पहिली रात्र

घोडा दिवसाउजेडी आणा. खणात आधीच पाणी, चारा आणि अंथरूण तयार असू द्या. तो जे खात होता तोच चारा थोडा विकणाऱ्याकडून मागून घ्या. आत सोडल्यावर तो गोल फिरेल, खिंकाळेल, कोपरे हुंगेल, बहुतेक लगेच मुतेल. दार लावून बाजूला व्हा, गर्दी जमवू नका. पेढे उद्या वाटता येतील.

रात्री एकदा बॅटरी घेऊन जा आणि दुरूनच बघा. सकाळी आत शिरल्याबरोबर लिदीचे ढीग मोजा. दिवसभरात आठ-दहा पडायला हवेत, म्हणजे रात्रीतून तीन-चार तरी. कमी दिसले, चारा तसाच पडला असेल, किंवा तो मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत असेल, तर अंथरूण पसरत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.